जामीनदाराची सही

नोकरीच्या करारपत्राचं शेवटचं पान सहसा कोणी वाचत नाही. पगाराचा आकडा पहिल्या पानांवर असतो आणि घरचा आनंद तिथेच मावेनासा होतो. पेढे आणले जातात, नातेवाइकांना फोन जातात. शेवटच्या पानावर मात्र पुष्कळदा एक बॉण्ड जोडलेला असतो आणि त्याखाली सहीच्या दोन जागा असतात. एक नोकरीला लागणाऱ्याची, दुसरी जामीनदाराची. कितीतरी घरांत या दुसऱ्या जागी वडील सही करतात. बहुतेकदा न वाचताच करतात, कारण त्यांच्या दृष्टीने तो कागद कायद्याचा नसतो, मुलाच्या भविष्याचा असतो.

म्हैसुरात राहत असल्यामुळे मला हे जवळून दिसतं. हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतला इन्फोसिसचा ३०० एकरांहून मोठा प्रशिक्षण परिसर देशभर ठाऊक आहे. लहानमोठ्या इतर कंपन्या आणि कारखानेही आहेत. दादरहून निघणारी शरावती एक्सप्रेस पुणे, मिरज, हुबळी करत इथे पोहोचते, तेव्हा उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तिच्यातून मोठ्या बॅगा घेतलेली मराठी मुलं-मुली उतरतात. त्यातली काही ओळखीने माझ्याकडे येतात. घरचं जेवण जेवतात आणि मग फाईल उघडून विचारतात, "जरा बघता का?"

यंदा माझी भाचीच आली. सांगलीची, नुकतीच इंजिनिअर झालेली. तिची कंपनी निराळी, नाव इथे महत्त्वाचं नाही. तिच्या मनात दोन कामं होती. करारपत्र मला दाखवायचं आणि जूनच्या तिसऱ्या रविवारी येणाऱ्या फादर्स डेसाठी बाबांना काय द्यायचं ते ठरवायचं. तिने एक महागडं स्मार्ट घड्याळ पाहून ठेवलं होतं, हप्त्यांवर. करारपत्राची मात्र तिला फारशी चिंता नव्हती.

"मावशी, सगळेच सही करतात. बॉण्ड काही कोर्टात टिकत नाही म्हणे."

तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना, फोन लावला. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "कंपनीनं मागितलीय म्हंजे करायला पायजे की सही. पोरीची नोकरी अडायला नको."

बॉण्डच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की मुलीने मुदतीआधी नोकरी सोडून रक्कम भरली नाही, तर ती जामीनदाराकडून वसूल केली जाईल. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते. कमी नाही, नंतरचीही नाही. कंपनीने थेट वडिलांकडे पैसे मागितले तरी कायदा तिला अडवत नाही. आधी मुलीकडे जा, असं दाजी म्हणू शकणार नाहीत. निवृत्त माणसाच्या पुंजीवर असा भार आपण टाकतोय, हे मुलीच्या लक्षात आलं नव्हतं. वडिलांनी तो विचारच केला नव्हता.

"बॉण्ड टिकत नाही" हा वसतिगृहात फिरणारा सल्ला अर्धवट आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कोणालाही व्यवसाय-नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. त्यामुळे नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही, अशी अट आपल्याकडे सहसा उभी राहत नाही. पण नोकरी चालू असतानाच्या काळाचा हिशेब वेगळा आहे. त्याचा सगळ्यात गाजलेला निकाल कल्याणच्या एका कारखान्यातून आला. निरंजन शंकर गोळीकरी हे सेंच्युरी कंपनीच्या टायर कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझर होते. करार ५ वर्षांचा, आणि त्या मुदतीत असंच काम दुसरीकडे करायचं नाही ही अट. परदेशी कंपन्यांकडून घेतलेलं तंत्र त्यांना शिकवलं गेलं होतं. १९६४ साली ते जास्त पगारावर कोट्याच्या कारखान्यात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली निकाल कंपनीच्या बाजूने दिला. अट कराराच्या मुदतीपुरती आणि त्याच प्रकारच्या कामापुरती आहे, म्हणून ती वैध, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

दुसरा निकाल अगदी अलीकडचा आणि कर्नाटकातून गेलेला. प्रशांत नारनवरे विजया बँकेत वरिष्ठ पदावर रुजू झाले, तेव्हा ३ वर्षं नोकरी करीन, नाहीतर २ लाख रुपये भरीन, अशी अट होती. २००९ साली त्यांनी दुसऱ्या बँकेसाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि न्यायालयात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सार्वजनिक बँकेला भरती पुन्हा करायची तर जाहिरातीपासून सगळी खर्चिक प्रक्रिया करावी लागते. शिवाय अट राजीनाम्याला बंदी करत नाही, त्याची किंमत ठरवते. म्हणून ती कायदेशीर ठरली. याचा अर्थ प्रत्येक बॉण्ड न्याय्य आहे असा होत नाही. कलम ७४ खाली नुकसानभरपाई वाजवीच असावी लागते, आणि चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मागितलेली अवाच्या सवा रक्कम कंपनीला सिद्ध करणं अवघड जातं. पण वाजवी काय हे न्यायालय ठरवणार, तेही वर्षांनंतर. नारनवरे यांच्या राजीनाम्यापासून शेवटच्या निकालापर्यंत जवळजवळ १६ वर्षं गेली. विशीतल्या मुलीने आणि तिच्या निवृत्त वडिलांनी त्या भरवशावर सही करू नये.

मग आम्ही दोघींनी फाईल पहिल्या पानापासून वाचली. पगारापासूनच सुरुवात केली, कारण कागदावरचा आकडा आणि हातात येणारा पगार यांत मोठं अंतर असतं. समजा वर्षाचा सीटीसी, म्हणजे कंपनीने धरलेला एकूण खर्च, ४ लाख २० हजार आहे, म्हणजे महिना ३५ हजार. त्यात मूळ पगार १७,५००. कंपनीने पीएफमध्ये भरायचे १८०० रुपये याच ३५ हजारांत धरलेले असतात. ग्रॅच्युइटीचे साधारण ८४० त्यातच. दहा टक्के व्हेरिएबल असेल तर ३५०० रुपये महिन्याला मिळत नाहीत, मिळाले तर वर्षाअखेरीस. विम्याचे पाचशे धरा. उरलेल्यातून आपल्या वाट्याचा पीएफ १८०० आणि व्यवसाय कर २०० वजा जातो. हातात साडेसव्वीस हजारांपेक्षाही थोडे कमीच येतात. म्हैसूर बंगळुरूपेक्षा स्वस्त, तरी खोलीभाडं, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च काढल्यावर किती उरतं ते आधी कळलेलं बरं. घड्याळाचा हप्ता त्या उरलेल्यातून जाणार असतो.

त्यानंतर नोटीस पिरियड. आपण सोडताना ९० दिवस आणि कंपनीने काढताना ३० दिवस असं असेल, तर दोन्हीकडे समान मागायला हरकत नसते. प्रोबेशन किती महिन्यांचं आणि ते संपल्याचं पत्र मिळतं का. जॉइनिंग बोनस परत करावा लागतो का, आणि कधीपर्यंत. वाद झाला तर न्यायालय कुठल्या शहरातलं. मूळ मार्कशीट आणि प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली असतील तर ती पडताळणीसाठी दाखवावीत, ठेवून येऊ नयेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं आहे. तोंडी आश्वासनावर कोणी समाधान मानू नये.

असं विचारणं उद्धटपणा आहे, अशी धास्ती आपल्या मध्यमवर्गीय घरांत खोल रुजलेली आहे. मिळालेली नोकरी विचारल्याने जाईल असं वाटतं. मला अशा वेळी विश्वेश्वरय्या आठवतात. पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झालेले, मुंबई सरकारच्या नोकरीत खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे. १९०९ साली म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंत्याचं पद देऊ केलं. त्यांनी लगेच होकार दिला नाही. संस्थानाला उद्योग आणि तांत्रिक शिक्षण वाढवण्यात खरोखर रस आहे का, हे आधी लिहून विचारलं आणि उत्तर मिळाल्यावरच ते आले. पुढे १९१२ ते १९१८ ते दिवाण होते. तो प्रश्न कोणाला उद्धट वाटला नाही, उलट त्यातून राजाला आणि नोकराला एकमेकांचं मन कळलं. आपल्या मुलींनीही एक साधा, विनम्र ईमेल लिहावा. भाचीने लिहिला. जामीनदाराऐवजी फक्त तिच्या सहीवर बॉण्ड चालेल का आणि जसजसे महिने भरतील तसतशी रक्कम कमी होईल का, एवढंच विचारलं. रक्कम कमी करण्याला होकार आला, जामीनदार वगळण्याला नाही. निदान दाजींना पूर्ण आकडा कळला, मुदत कळली आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत त्यांच्याकडे राहिली. अटी त्यांच्या संमतीविना पुढे बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारातून जामीनदार सुटतो, हे कलम १३३ ही त्यांना सांगितलं.

याच फाईलमध्ये आम्हाला भेट सापडली. मागच्या बाजूला गट आरोग्य विम्याचं परिशिष्ट होतं. मुलीचा विमा कंपनीच्या खर्चाने, आणि हवं असल्यास हप्ता स्वतः भरून आई-वडिलांनाही त्यात घेता येईल, असं त्यात होतं. अट एकच, रुजू झाल्यापासून ठरावीक दिवसांत नावं कळवायची, नाहीतर पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं. दाजींना मधुमेह आहे. स्वतंत्र पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गट विम्यात बहुधा तो आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. तिच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलं होतं. हप्त्याची रक्कम घड्याळाच्या हप्त्याच्या आसपासच होती.

पीएफचं नॉमिनेशन हीसुद्धा वडिलांसाठी करायची गोष्ट आहे. अविवाहित मुलांनी आपल्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावं ऑनलाइन भरून ठेवावीत. लग्न झालं की ते नॉमिनेशन आपोआप रद्द होतं आणि नव्याने करावं लागतं. पीएफशी जोडलेल्या विम्यातून, नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसांना कमाल ७ लाख रुपये मिळतात. कोणत्याही आईबापाला हे ऐकणं नको असतं, म्हणून हे काम मुलांनी न बोलता, न विसरता करून टाकावं.

वस्तूंची भेट देऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. पहिल्या पगारातून वडिलांसाठी काही घेण्यात जो आनंद आहे, तो दोन्हीकडे आयुष्यभर पुरतो. फादर्स डे १९१० साली अमेरिकेतल्या स्पोकेनमध्ये सुरू झाला. आई गेल्यावर सहा मुलांना वाढवणाऱ्या वडिलांच्या ऋणाची आठवण ठेवावी असं सोनोरा स्मार्ट डॉड या मुलीला वाटलं. पहिला पगार देवापुढे ठेवून वडिलांच्या पाया पडण्याची आपली रीतही त्याच भावनेची आहे. म्हैसुरात निवडायलाही पुष्कळ आहे. १९१२ साली सुरू झालेल्या सरकारी रेशीम कारखान्याचं अस्सल रेशीम आहे. चंदनाचं तेल, चंदनाचा साबण आहे. शिसवीवर नक्षी जडवलेली पेटी आहे, चष्मा, पास आणि जुनी पत्रं ठेवायला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाच्या रस्त्यावर देवराज मार्केट आहे आणि म्हैसूरपाकची जुनी दुकानंही. मधुमेही वडिलांसाठी तो टाळावा, हेही प्रेमच आहे. आयुष्यभर बसच्या इंजिनाशी झुंजलेल्या माणसाला मनगटावरचं महाग यंत्र बहुधा कपाटातच सांभाळून ठेवावंसं वाटेल. चंदनाचा साबण मात्र ते रोज वापरतील. भाचीने साबणाची एक पेटी आणि एक मऊ पंचा घेतला. घड्याळ रद्द केलं आणि विम्याच्या अर्जात दोघांची नावं भरली.

यंदा नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझं एवढंच सांगणं आहे. वडिलांपुढे सहीसाठी कागद ठेवण्याआधी तो स्वतः वाचा, मग त्यांना वाचून दाखवा, रक्कम आणि मुदत मोठ्याने सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर तो अविश्वास समजू नका. त्यांनी हो म्हटलं, तर बॉण्डची मुदत संपेपर्यंत त्या सहीची जबाबदारी तुमची आहे हे ध्यानात ठेवा आणि नोकरी बदलण्याचा विचार मनात आला की पहिला फोन त्यांनाच करा. वडिलांनाही विनंती आहे. पोरांची नोकरी अडेल या भीतीने घाईने सही करू नका. तुम्ही चष्मा लावून, वेळ घेऊन कागद वाचलात, तर पोरंही पुढचा प्रत्येक कागद तसाच वाचायला शिकतील.