बचावाचा हक्क आणि विधि विद्यार्थ्यांचे कर्तव्य

भिलाईच्या पोलाद कारखान्याशेजारचे चरोदा हे गाव रेल्वेच्या विशाल मालयार्डामुळे ओळखले जाते. जेथे यार्ड असते तेथे भंगार वेचून पोट भरणारा माणूसही असतोच. त्याच्या पोत्यात रेल्वेचा एखादा लोखंडी तुकडा सापडला की १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) कायदा त्याच्यासमोर उभा राहतो. वस्तू रेल्वेची असून ती चोरीची असावी असा वाजवी संशय दिसला की ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे आरोपीनेच सिद्ध करावयाचे. न्यायालयाने खास कारणे नोंदविली नाहीत तर पहिल्याच गुन्ह्यास किमान एक वर्ष कैद होते. कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे.

सर्वांत घातक बाब याहून निराळी आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु या कायद्याखाली चौकशी करणारा रेल्वे संरक्षण दलाचा अधिकारी पोलीस अधिकारी ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली महाराष्ट्रातील एका खटल्यात दिला. म्हणजेच जवळ वकील नसताना एका निरक्षर माणसाने उमटविलेला अंगठा पुढे त्याच्याच गळ्याचा फास होऊ शकतो. बचावाची खरी लढाई साक्षीदाराच्या उलटतपासणीच्या दिवशी सुरू होत नाही. ती अटकेच्या पहिल्या रात्री सुरू होते. आणि त्या रात्री गरीब माणूस एकटा असतो.

कागदावर हक्कांची वाण नाही. घटनेतील कलम ३९-अ १९७६ साली आले. आरोपीस प्रथम न्यायाधीशासमोर उभे केले जाते त्या क्षणापासून त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने भागलपूर प्रकरणात बजावले. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील प्रत्येक व्यक्ती यांना हा हक्क दिला. २०२२ साली जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची योजनाही सुरू झाली. तरीही त्या वर्षाअखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कैदी कच्चे होते. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बुरकापाल प्रकरणातील १२१ आदिवासी दंतेवाड्याच्या न्यायालयातून निर्दोष सुटले. त्यांच्या आयुष्याची पाच वर्षे कोण परत देणार?

येथे विधि विद्यार्थ्याचा प्रश्न उपस्थित होतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे प्रत्यक्ष काम सक्तीचे आहे. हे आठवडे कोठे जातात? बड्या कंपन्यांच्या वकिलांकडे फायली चाळण्यात आणि प्रमाणपत्र मिळविण्यात. दुर्गच्या न्यायालयात आणि तुरुंगाच्या दाराशी ते का जाऊ नयेत?

विद्यार्थी काय करू शकतो, याचे उत्तर नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून मिळते. पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला राजस्थानचा एक तरुण तेथे होता. त्या वेळी दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात असलेल्या ‘प्रोजेक्ट ३९-ए’ने त्याचे प्रकरण हाती घेतले. निर्णायक ठरली ती गावच्या शाळेतील नोंदवही. घटनेच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षे होते, हे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्याची सुटका केली. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. ती नोंदवही पहिल्याच वर्षी कोणी उघडली असती तर? त्यासाठी विद्वत्ता लागत नव्हती. वेळ, चिकाटी आणि आस्था लागत होती.

जामिनाचेही तसेच आहे. चरोदा मध्य प्रदेशात होते त्या काळात, १९७८ साली, त्या राज्यातील एका गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ही अट फेटाळून एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितले. केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात ते कायदामंत्री होते, याचे वाचकांस स्मरण असेल. परगावच्या मजुराकडे आजही जमिनीचे कागद असलेला जामीनदार नसतो. त्याच्या कामाचा, कुटुंबाचा व वास्तव्याचा पुरावा गोळा करून वकिलाच्या हाती देणे हे विद्यार्थ्याचे काम होऊ शकते. कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा किती भाग भोगला याचा हिशेब ठेवणे हेही त्याचेच काम. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार जन्मठेप वा फाशीचा गुन्हा नसल्यास आणि दुसरा खटला प्रलंबित नसल्यास पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कैद्याची एक-तृतीयांश मुदतीनंतर सुटका झाली पाहिजे. पाच वर्षांच्या कमाल शिक्षेला ही मुदत वीस महिन्यांची होते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, गरिबाने नवशिक्यांच्या प्रयोगाचे साधन का व्हावे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच विद्यार्थ्याने अनुभवी वकिलाच्या देखरेखीखालीच काम करावे, आरोपीचे गुपित प्राणपणाने जपावे आणि युक्तिवाद वकिलावर सोपवावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फुकट राबणारी मुले मिळाली की सरकार पगारी बचाव वकिलांची संख्या आणि मानधन वाढविण्याचे टाळेल. हा धोका खरा आहे. त्यावरील उत्तर विद्यार्थ्यांना दूर ठेवणे हे नसून दोन्ही मागण्या एकाच वेळी लढविणे हे आहे. विद्यार्थी वकिलाच्या जागी नको; वकिलाच्या जोडीला हवा.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. रायपूर-दुर्ग परिसरातील विधि महाविद्यालयांनी सक्तीच्या आठवड्यांचा ठरावीक भाग जिल्हा बचाव वकील कार्यालयात द्यावा. विधि सेवा प्राधिकरणाने त्यांना तुरुंगभेटीची परवानगी व प्रवासखर्च द्यावा. आणि कामगार संघटनांनी आपल्या कार्यालयाची एक खोली त्यांच्यासाठी उघडावी. मीरत खटल्यासाठी १९२९ साली अटक झाली तेव्हा पूरनचंद जोशी अलाहाबादला कायद्याचेच विद्यार्थी होते; त्यांनी न्यायालय पाहिले ते आरोपीच्या पिंजऱ्यातून. आजच्या विद्यार्थ्याने निदान त्या पिंजऱ्याजवळ जाऊन उभे राहावे. कायदा कोणासाठी वाकतो आणि कोणासाठी ताठ उभा राहतो, हे त्याला तेथेच कळेल.