टाकीतले पाणी गढूळते कशाने?

माशांना काकडी किंवा पालक घातला की टाकीतले पाणी गढूळते, ही तक्रार अर्धीच खरी आहे. गोल्डफिश, मॉली यांसारख्या माशांना वनस्पतिजन्य आहार मानवतो. पाणी पांढुरके होते ते उरलेला तुकडा कुजल्यामुळे. त्यावर जिवाणू झपाट्याने वाढतात, प्राणवायू संपवतात आणि अमोनिया साचतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धोका अधिक, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.

‘पाणी बदलले की झाले,’ असे कुणी म्हणेल. पण एप्रिल २०१६मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा उपाय परवडणारा नाही. गोदाकाठच्या नांदेड जिल्ह्यालाही उन्हाळी टंचाई नवी नाही. शिवाय सगळे पाणी एकदम बदलले की मासे दगावू शकतात. मग भाजीच बंद करावी? कोरड्या खाद्याचे उरलेले दाणेही तसेच कुजतात. म्हणून स्वच्छ धुतलेली, बिनमिठाची वाफवलेली भाजी थोडीच द्यावी आणि दोन-तीन तासांत उरलेली काढून टाकावी. थोडे पाणी बदलावे लागलेच, तर ते कुंड्यांना घालावे; त्यातले नत्र झाडांच्या उपयोगी पडते.