‘क्रमशः’ वाचणाऱ्यांची नोंद

आर्णीहून यवतमाळला येणाऱ्या सकाळच्या एसटीत माझ्या वर्गातल्या तीन-चार मुली रोज असतात. ‘मुले वाचत नाहीत’ हे आम्हा मराठीच्या शिक्षकांचे ठरलेले वाक्य. मीही ते अनेकदा उच्चारले आहे. त्यांतली एक मोबाईलमध्ये डोके घालून काय पाहते म्हणून एकदा विचारले, तर ती कादंबरी वाचत होती. एका प्रेमकथेचा ऐंशीच्या पुढचा भाग. भाग रात्री येतो, सकाळी एसटीत वाचून होतो आणि दुपारी डबा खाताना त्यावर खल होतो. नायिकेने नोकरी सोडावी की नाही, यावर त्या मुलींत जो वाद झाला, तसा नेमलेल्या कादंबरीवर माझ्या तासाला कधी झालेला नाही.

हे काही नवे नाही, याचाच आपल्याला विसर पडला आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नावच मुळी ‘करमणूक’. ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः आली. आपण ती शिकवतो ती मात्र एकसंध, बांधीव पुस्तक म्हणून. मग तिच्यातला पाल्हाळ, मागच्या हकीकतीची पुनःपुन्हा करून दिलेली आठवण, वाचकाशी मध्येच थांबून केलेले हितगुज हे सारे ‘रचनेतील शैथिल्य’ या सदरात जमा होते. आठवडाभर यमूची वाट पाहणाऱ्या वाचकाला त्या आठवणींची गरज होती, हे कितीजण विद्यार्थ्यांना सांगतात?

पुढे बाबूराव अर्नाळकर आले. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. एक हजाराहून अधिक रहस्यकथा या माणसाने लिहिल्या. त्या भाड्याने घेऊन, हातोहात फिरवून लोकांनी अक्षरशः फाडून वाचल्या आणि समीक्षेने त्यांची एका परिच्छेदात बोळवण केली. (यवतमाळने १९७३ साली चित्रपटगीते लिहिणाऱ्या गदिमांना संमेलनाध्यक्ष म्हणून पाहिले, लोकप्रियतेचे वावडे सगळ्यांनाच नसते.) आज कोणाला त्या पुस्तिका प्रकाशनक्रमाने, मुखपृष्ठांसह आणि मागच्या जाहिरातींसह लावायच्या असतील, तर रद्दीवाल्यांच्या आणि संग्राहकांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तमिळमध्ये अशाच स्वस्त कादंबऱ्यांतला निवडक ऐवज चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २००८ साली प्रीतम चक्रवर्ती यांच्या इंग्रजी अनुवादात आणला, लेखकांच्या परिचयांसह. राजेशकुमार, रमणीचंद्रन ही नावे त्यामुळे तमिळ न येणाऱ्या माझ्यासारख्यापर्यंत पोचली.

मोबाईलवरच्या मराठी कथामालिकांबद्दल मला भाबडेपणा नाही. बऱ्याचशा वाईट आहेत. गर्भश्रीमंत नायक, मनाविरुद्ध लग्न, वीस भाग पुरणारा एक गैरसमज. परंतु वाईट असणे आणि अभ्यासाला अपात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’सारख्या ठिकाणी भागाखाली लगेच अभिप्राय पडतो. खलनायिका वाचकांना आवडली तर तिचे आयुष्य वाढते. नायक नकोसा झाला तर त्याचा अपघात होतो. हरिभाऊंचे वाचकही पत्रे लिहीत असतील, पण संहितेला इतक्या लगोलग हात घालण्याची सोय त्यांना नव्हती. इथे संपादक जवळजवळ नाहीच. लेखिका आहे, वाचक आहेत आणि वाचनसंख्येचा आकडा आहे. ‘संहितेचा कर्ता कोण?’ हा प्रश्न आपण पाश्चात्त्य सिद्धान्तांच्या पुस्तकांतून शिकवतो. त्याचे जिवंत उदाहरण आर्णीच्या एसटीत बसलेले असते.

त्या मुलीने प्रकल्पासाठी तीच कादंबरी मागितली. मी आढेवेढे घेतले, मग होकार दिला. दिवाळीच्या सुट्टीत लेखिकेने ती कादंबरी काढून टाकली. कारण कळले नाही, आणि तसा तिला अधिकारही आहे. पण सगळे भाग गेले, त्याखालचे अभिप्राय गेले. अर्नाळकरांच्या पुस्तिकेची निदान एखादी प्रत कुणाच्या तरी माळ्यावर सापडण्याची आशा असते. येथे माळाच नाही. मराठी विभागांनी लेखकांची परवानगी घेऊन अशा मालिकांच्या प्रती, भागांच्या तारखा आणि अभिप्राय जतन करायला आताच लागावे, असे मी म्हणतो ते यामुळे. दर्जाचा निवाडा पुढची पिढी करील. निवाड्यासाठी तिच्यापुढे काही असले तर.

मुलीने प्रकल्प सादर केला. बहिःस्थ परीक्षकांनी रास्त प्रश्न विचारला, मूळ संहिता कुठे आहे? तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. भाग क्रमांक, तारीख, काय घडले त्याची एक ओळ आणि लाल शाईत मैत्रिणींची मते. अठ्ठ्याण्णव भागांपर्यंत. परीक्षकांनी ती चाळली, थोडा वेळ वाचलीही, आणि म्हणाले, ‘शेवट काय झाला?’

तो तिलाही ठाऊक नव्हता.