पुलाचा घसारा

मुरुडहून मी शिकायला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो, तेव्हा खिशात पैसे कमी आणि पायांत बळ जास्त होते. शहरातून विद्यापीठाकडे चालत निघालो की वाटेत मकई दरवाजा लागे आणि त्याच्यापुढे खाम नदीवरचा दगडी पूल. दोन्ही बाजूंनी वाहने समोरासमोर आली की भांडण ठरलेलेच. आम्ही पोरे कठड्याला अंग चोरून उभी राहायचो.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले हे खडकी गाव. पुढे औरंगजेबाच्या काळात शहराला तट पडला. तटाबाहेर पश्चिमेला खाम नदी. म्हणून मकई, महमूद आणि बारापुल्ला या दरवाज्यांपुढे दगडी पूल. ज्या काळात बैलगाडी हेच जड वाहन होते, त्या काळातले हे बांधकाम. त्यावर आपण ट्रक आणि बसगाड्या चढवल्या.

कमानीत दगड दगडाला दाबून धरतो, वरचा भार सांधे घट्ट करतो. त्यामुळे आपल्याला वाटते, याला काय होणार? पण असा पूल बहुधा वरून नव्हे, खालून हरतो. पुराचे पाणी खांबांच्या बुडाची माती उकरते, सांध्यांतला चुना धुऊन नेते आणि त्या फटीत पिंपळ रुजतो.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुढच्याच वर्षी तेथे नवा पूल उभा राहिला! म्हणजे पैसा होता, कारागीरही होते. जाग मात्र माणसे गेल्यावर आली.

जुन्या पुलाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, पाडा. दुसरा म्हणतो, हा वारसा आहे, हात लावू नका. मला दोघांचे सूर सारखेच वाटतात, कारण दरवर्षीचा देखभालीचा खर्च दोघांनाही टळतो. शेजारी नवा पूल बांधला म्हणजेही जुन्याची जबाबदारी संपत नाही.

बँकेत मी आयुष्य काढले. मार्चअखेर आला की खुर्च्या, पंखे, तिजोरी, सगळ्यांवर घसारा लावायचा. वस्तू झिजते हे मान्य करण्याची ती रीत. पुलांनाही ती लागू करावी. जड वाहने बंद करून तो पायी जाणाऱ्यांना आणि सायकलींना द्यावा. पावसाआधी झाडे मुळासकट काढावीत, पाऊस ओसरल्यावर पाया तपासावा आणि तपासणीची तारीख कठड्यावर सर्वांना दिसेल अशी लिहावी.

आमच्या शाखेत आग विझवायच्या लाल नळकांड्यावरसुद्धा तपासणीची तारीख चिकटवलेली असे. ते नळकांडे माझ्या नोकरीत एकदाही वापरावे लागले नाही. पुलावरून तर माणसे रोज जातात.