थोरवी ठरते ती दुसऱ्या खेळाला

चित्रपट समीक्षकांच्या ‘फिप्रेस्की’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या भारतीय शाखेने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या सदस्यांचे मतदान घेऊन भारतातल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांची यादी जाहीर केली. पहिला क्रमांक सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चा. त्यामागून ‘मेघे ढाका तारा’, ‘भुवन शोम’, ‘एलिप्पथायम’, ‘घटश्राद्ध’, ‘गर्म हवा’, ‘चारुलता’, ‘अंकुर’, ‘प्यासा’ आणि दहावा ‘शोले’. बंगाली तीन, हिंदी-उर्दू पाच, मल्याळम एक, कन्नड एक. मराठी एकही नाही. अशी यादी आली की आपल्याकडे ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, हा मराठीवर अन्याय आहे. दुसरी म्हणते, असल्या याद्यांना काडीची किंमत देऊ नये, ज्याला जो आवडतो तो त्याचा थोर चित्रपट. दोन्ही प्रतिक्रिया सोयीच्या आहेत, कारण दोन्हींत आपल्याला काहीच करावे लागत नाही. यादीत मराठी चित्रपट नाही याचा अर्थ मराठीत थोर चित्रपट झाला नाही, असा होत नाही. मात्र त्याचा दोष परीक्षकांच्या माथी मारूनही सुटका नाही. जो चित्रपट पुन्हा पुन्हा, चांगल्या प्रतीत पाहिला जातो आणि ज्याच्यावर लोक भांडत राहतात, तोच थोर ठरतो. आपण मराठी चित्रपटांच्या बाबतीत हे केलेले नाही.

‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या मतदानाचा इतिहास पाहिला तर हे स्पष्ट होते. दर दहा वर्षांनी होणारे हे मतदान १९५२ साली सुरू झाले, तेव्हा पहिला आला डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, जेमतेम चार वर्षे जुना. १९६२ पासून सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’ अव्वल राहिला. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली खेचले आणि २०२२ मध्ये शाँताल आकरमान यांचा, एका गृहिणीच्या तीन दिवसांचा ‘जान दिलमान’ थेट पहिला आला. आधीच्या मतदानात तो पहिल्या तिसांतही नव्हता. १९७५ सालच्या या चित्रपटाची एक फ्रेमही दरम्यान बदललेली नाही. बदलले ते मतदार, त्यांची संख्या, आणि चित्रपट पाहायला मिळण्याची सोय. १९५२ मध्ये साठेक समीक्षकांनी मते दिली होती, २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक जणांनी. म्हणजे यादी ही चित्रपटाची उंची मोजणारी पट्टी नव्हे. त्या काळात जाणकारांनी काय पाहिले आणि कशावर वाद घातला, याचा तो पंचनामा असतो. पंचनाम्यात आपले नाव नसेल, तर आपण त्या ठिकाणी हजर होतो का, हे आधी तपासावे.

हजर राहण्यासाठी मुळात चित्रपट शिल्लक असावा लागतो. १९९३ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्या करपलेल्या रिळांचे अवशेष कुणी टाकून दिले नाहीत. पुढे इटलीतल्या बोलोन्यात ती रिळे मऊ करून, हातांनी सांधून त्यांतून ‘पथेर पांचाली’ पुन्हा उभा केला गेला आणि २०१५ पासून नवी पिढी तो लखलखीत प्रतीत पाहते आहे. आता दुसऱ्या बाजूला बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ ठेवा. हरि नारायण आपटे यांच्या कथेवरचा हा १९२५ सालचा मूकपट. त्यात सावकाराने नाडलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक कथांच्या त्या काळात गावातले कर्ज आणि जमीन पडद्यावर आणणारा हा चित्रपट भारतीय वास्तववादाचा आरंभ मानला जातो. पण तो आज कुणालाच पाहता येत नाही, कारण त्याची प्रत उरलेली नाही. तो ‘पथेर पांचाली’च्या तोडीचा होता की नव्हता, हा वादच आपण कायमचा गमावला. यादीतल्या प्रत्येक नावामागे असे किती हरवलेले प्रतिस्पर्धी असतील, हे लक्षात घेतल्याशिवाय ‘सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ’ हा शब्दप्रयोग वापरू नये.

तरी उरलेल्यांमधून निवड करावीच लागते, आणि ‘एक तरी मराठी हवा होता’ असे म्हणणाऱ्याने दहांतला कोणता काढायचा हेही सांगायला हवे. माझे उत्तर असे: ‘भुवन शोम’ काढून तिथे ‘संत तुकाराम’ यावा. मृणाल सेन यांच्या त्या चित्रपटाचे ऐतिहासिक मोल मोठेच आहे. १९६९ साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशांवर तयार झालेल्या या चित्रपटाने समांतर सिनेमाची वाट मोकळी केली. उत्पल दत्त आणि कोवळ्या वयातल्या सुहासिनी मुळे यांची जोडी आजही टवटवीत वाटते. पण त्याचे यादीतले स्थान बरेचसे त्याने पुढे काय घडवले यावर उभे आहे. ‘संत तुकाराम’चे बळ त्याच्या पडद्यावर आहे. पेंटर यांच्याच तालमीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली ‘प्रभात’साठी तो दिग्दर्शित केला. मुंबईत तो एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकारामांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस अभिनय करतात असे वाटतच नाही. ते गाण्यातून बोलण्यात आणि बोलण्यातून गाण्यात इतके सहज जातात की कॅमेऱ्यालाही गडबड करावीशी वाटत नाही. पण चित्रपट तोलून धरते ती तुकारामांची बायको, गौरी यांनी साकारलेली आवली. आजारी मुलाला फरफटत देवळात नेऊन विठोबावर पायताण उगारणारी ही बाई भक्तिपटाच्या ऐन मध्यावर उभी राहून भक्तीलाच जाब विचारते. चित्रपट तिची थट्टा करत नाही आणि तिला शेवटी शरणही आणत नाही. नवरा वैकुंठाला निघतो तेव्हा ती संसारातच मागे राहते. चमत्कार आणि रिकामी चूल यांना एकाच चौकटीत, एकाच गांभीर्याने दाखवणे हे कुठल्याही देशातल्या दिग्दर्शकाला जड जाईल. इथे ते बोलपट येऊन पाच वर्षे झाली असताना साधले होते.

यावर पहिला आक्षेप येईल तो अस्मितेचा: मराठी माणूस मराठी चित्रपटाची तरफदारी करणारच. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच भाषेच्या वाट्याने जागा मागू नये. दहांत प्रत्येक भाषेला एक जागा द्यायची ठरवली तर ती यादी राहणार नाही, ते जागावाटप होईल. मी दिलेली कारणे पागनीसांच्या गाण्याची, आवलीच्या उभे राहण्याची आहेत, आणि मराठीचा गंध नसलेल्या प्रेक्षकालाही ती पडद्यावर तपासता येतात. गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी या चित्रपटावर गंभीरपणे लिहिले, ते काही मराठीच्या प्रेमापोटी नव्हे. दुसरा आक्षेप आवडीनिवडीचा: कलेत क्रमांक कसले लावता? क्रमांक हास्यास्पद असतात हे मान्य. सातवा आणि आठवा यांच्यात नेमके काय अंतर असते ते कुणी सांगू शकत नाही. पण कोणत्या रिळांवर आधी पैसा खर्च करायचा, कशाला उपशीर्षके द्यायची, चित्रपटाच्या वर्गात काय दाखवायचे, महोत्सवाला काय पाठवायचे, हे निर्णय याच याद्या डोळ्यांसमोर ठेवून होतात. यादीतल्या ‘घटश्राद्ध’ची नवी प्रत २०२४ मध्ये व्हेनिसला दाखवली गेली, हे इथे आठवावे. क्रमांकांना हसून वादातून अंग काढून घेणाऱ्याला या निर्णयांत तोंड उघडता येत नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच कसोटीवर उलटतो, आणि तो सगळ्यांत दमदार आहे. पुन्हा पुन्हा पाहिला जाणे हीच थोरवीची खूण असेल, तर मराठी घरांत ‘अशी ही बनवाबनवी’ला हरवणारा चित्रपट नाही. १९८८ सालचा सचिन यांचा हा चित्रपट दूरचित्रवाणीवर कितव्यांदा लागला तरी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या दिवाणखान्यांत त्याचे संवाद पात्रांच्या आधी घरचेच म्हणतात. मग तोच का नको? माझे उत्तर असे की पुन्हा पाहिले जाणे ही गरजेची अट आहे, पण पुरेशी नाही. दर वेळी पाहताना काही नवे सापडते की तोच आनंद परत मिळतो, हा पुढचा प्रश्न. ‘बनवाबनवी’ बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो. ‘बहुधा’ अशासाठी म्हणतो की त्याच्या बाजूने कुणी नीट वाद घातलेलाच नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ची मूळ कल्पना उचलून त्याला पुण्यातल्या भाड्याच्या खोलीच्या चणचणीत रुजवणे, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वेळ साधण्यातले नेमके अंतर, एका खोट्यातून दुसरे खोटे निघत जाणारी पटकथा, यांवर विनोदाच्या रचनेचा म्हणून अभ्यास व्हायला हवा होता. आपण त्याच्यावर प्रेम केले आणि तेवढ्यावरच थांबलो. समीक्षकांच्या याद्या गंभीर चेहऱ्याच्या चित्रपटांना झुकते माप देतात, ही तक्रार खरी आहे. पण ती तक्रार सिद्ध करण्याचे काम विनोदाच्या चाहत्यांचे आहे आणि ते आठवणींच्या उमाळ्याने होणार नाही.

दुसऱ्या पाहण्यात चित्रपट बदलतो म्हणजे काय, हे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये स्पष्ट दिसते. व्हेनिसमध्ये २०१४ साली ‘ओरिझोंती’ विभागातला सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम पदार्पण असे दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. पहिल्यांदा पाहताना आपण वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर होणारा अन्याय पाहतो आणि व्यवस्थेवर चिडतो. दुसऱ्यांदा लक्ष जाते ते सरकारी वकील नूतनकडे. ती लोकलने घरी परतते, स्वयंपाक करते, घरच्यांना घेऊन मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीयाची खिल्ली उडवली जाते आणि भरलेले नाट्यगृह टाळ्या वाजवते. त्या गर्दीत कुणी खलनायक नाही, आपल्यासारखीच नोकरदार माणसे आहेत. उपनगरातल्या मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग टोचायला हवा, कारण तो त्या खुर्च्यांवर अनेकदा बसलेला आहे. कॅमेरा मात्र हलत नाही, कुणाकडे बोट दाखवत नाही. सुनावण्या संपून न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात, तरी तो तिथेच थांबतो, आणि निकालाची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाला कळते की इथे सुट्टी हाच निकाल आहे. ‘कोर्ट’ पहिल्या दहांत आजच बसवावा असा माझा आग्रह नाही. त्याला वीस वर्षांची चाळणी लागू द्यावी. पण चाळणी लागण्यासाठी तो पुन्हा पाहिला जायला हवा.

तो पुन्हा पाहायचा कुठे? इथे प्रश्न मुंबईच्या उपनगरांपाशी येतो. हिंदी सिनेमा मोठ्या प्रमाणात याच पट्ट्यात घडला. मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली, गोरेगावला फिल्मिस्तान. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत बिमल रॉय यांची संस्था होती आणि तिथेच ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल बांधला गेला. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी सरकारी मालकीची. चित्रीकरणाला जागा भरपूर मिळाली. जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर नेमाने पाहायची जागा मात्र नाही. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यायचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ‘कोर्ट’ त्याच महिन्यात प्रदर्शित झाला. वाद झाला तो संध्याकाळचा खेळ कुणाला, यावर. मराठीतला कोणता चित्रपट दहा वर्षांनी पुन्हा लागावा, असे कुणी विचारले नाही. अनुदानाची चर्चाही निर्मितीभोवतीच फिरत राहते.

खरे तर पुन्हा पाहण्याची सवय मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. नाटकाने ती लावलेलीच आहे. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास, पार्ल्याचे दीनानाथ या नाट्यगृहांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीची नाटके नव्या संचात येतात. जुन्या संचाशी तुलना होते, मध्यंतरात चहाच्या टपरीवर वाद रंगतात. त्या वादांतूनच मराठीत थोर नाटके कोणती, याचे बऱ्यापैकी एकमत झाले आहे. चित्रपटाला हेच मिळावे. या नाट्यगृहांत महिन्याची एक ठरलेली संध्याकाळ, चांगला प्रोजेक्टर, जाणकाराचे दहा मिनिटांचे प्रास्ताविक आणि नंतर प्रेक्षकांची चर्चा, एवढे महापालिका आणि चित्रपट मंडळे मिळून करू शकतात. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांसाठी उपशीर्षके असतील तर फारच उत्तम. भाषेच्या बाहेर चित्रपट टिकतो की नाही याची ती घरबसल्या परीक्षा ठरेल.

कोण येणार, असे विचारले जाईल. राही बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये फारसा चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. त्याच वर्षी जुन्या ‘मंथन’ची नवी प्रत कान महोत्सवातून थेट देशातल्या चित्रगृहांत आली. प्रेक्षक जुन्याला नाक मुरडतात हे खरे नाही. वाईट प्रत, चुकीची वेळ आणि जाहिरातीचा अभाव यांना ते नाक मुरडतात. ‘साइट अँड साउंड’चे पुढचे मतदान नेहमीच्या क्रमाने २०३२ साली होईल. त्यात मत देणाऱ्या परदेशी समीक्षकाला ‘संत तुकाराम’ आठवावा असे वाटत असेल, तर आधी तो अंधेरीतल्या वीस वर्षांच्या मुलीने मोठ्या पडद्यावर पाहिलेला असला पाहिजे. तो तिला पटला नाही, तर का पटला नाही हे तिने लिहिले पाहिजे, आणि कुणीतरी ते खोडून काढले पाहिजे.