कूपरेजचा ताळेबंद

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या फुटबॉलविषयी एक बातमी आली. 'मुंबई सिटी' या आपल्या शहराचे नाव लावणाऱ्या संघातला ६५ टक्के हिस्सा सोडून 'सिटी फुटबॉल ग्रुप' बाहेर पडला. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचा मालक असलेला हा समूह २०१९ मध्ये मुंबईत आला होता. त्याच महिन्यात भारतीय फुटबॉल महासंघ आणि 'इंडियन सुपर लीग' चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करारही संपला. तो पुढे चालू राहणार की नाही याचा पत्ता नसल्यामुळे कंपनीने जुलैतच मोसम रोखून धरला होता. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी लीग सुरू झाली, तीही आखूड होऊन. १४ संघ, ९१ सामने, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकच गाठ.

या बातम्यांनी गिरगावात किंवा परळला कुणाच्या घशाखाली घास उतरला नसेल, असे मला वाटत नाही. उद्या शिवाजी पार्कवरच्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या कुणी उखडल्या, तर तासाभरात कट्ट्यावर सभा भरेल. यावरून 'मुंबईकराला फुटबॉलचे वावडे आहे' असा निष्कर्ष काढायची पद्धत आहे. तो काही मला पटत नाही. विश्वचषकाच्या दिवसांत रात्र रात्र जागणारी मुलं याच शहरातली असतात. प्रश्न आवडीचा नाही, मालकीचा आहे. मुंबईत फुटबॉलचा संघ नेहमीच दुसऱ्या कुणीतरी चालवला आणि त्याला नकोसा झाला तेव्हा त्याने तो बंद केला. आपण फक्त प्रेक्षक राहिलो.

मस्टरवरचे खेळाडू

इथला खेळ तसा जुना आहे. रोव्हर्स चषक १८९१ पासून खेळला जाई. आधी गोऱ्या पलटणी, मग देशभरातले नामांकित संघ त्यासाठी मुंबईत येत आणि मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कूपरेजच्या मैदानावर गर्दी उसळे. पुढे शहराच्या हार्वुड लीगमध्ये कंपन्यांचे राज्य आले. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे, महिंद्र आणि झालेच तर आमच्या बँका.

मी बँकेत लागलो तेव्हा 'स्पोर्ट्स कोट्या'तून आलेली मंडळी प्रत्येक मोठ्या शाखेत असत. दुपारनंतर त्यांच्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या आणि त्यांच्या टेबलावरची व्हाउचर्स आम्ही कुरकुरत निस्तरायचो. पण त्या व्यवस्थेने एक मोठे काम केले, हे नाकारता येत नाही. 'मुलगा फुटबॉल खेळतो' याला लग्नाच्या बाजारात किंमत नव्हती, 'मुलगा बँकेत आहे' याला होती. चाळीतल्या खोलीत वाढलेल्या मुलाला पायातल्या चेंडूच्या जोरावर पेन्शनची नोकरी मिळत होती. खेळाडू पोसायची याहून खात्रीची तऱ्हा तेव्हा कुणाकडे नव्हती.

तिच्यात एक खोट मात्र होती. संघ कंपनीचा होता, शहराचा नव्हता. गिरण्यांचे दिवस फिरले तसे त्यांचे संघही विरले. बँकांनी भरती आवळली तशा त्या खुर्च्याही गेल्या. रोव्हर्स चषक शेवटचा खेळला गेला तो २०००-०१ मध्ये.

एक मोसम आणि त्यानंतर

कंपनीचा संघ किती उंच जाऊ शकतो हे २००५-०६च्या मोसमाने दाखवले. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे ते दहावे वर्ष. त्याआधीची नऊ विजेतेपदे पंजाब, कोलकाता आणि गोवा यांनी वाटून घेतली होती. त्या वर्षी ती मालिका महिंद्र युनायटेडने मोडली आणि मुंबईला पहिल्यांदा देशाचे विजेतेपद मिळाले. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, आघाडीला ब्राझीलचा बॅरेटो आणि घानाचा याकुबू. त्याच मोसमात फेडरेशन चषकही मुंबईत आला. १९६२ मध्ये कंपनीची हौस म्हणून उभ्या राहिलेल्या संघाने याहून अधिक काय करायचे होते?

२०१० मध्ये कंपनीने हा संघ बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलवर भर देणार, असे तिने सांगितले. पैसे बुडाले नव्हते की संघ तळाला गेला नव्हता. पुढच्याच वर्षी लीगचा पहिला विजेता, फगवाड्याचा जेसीटी, याने दुकान बंद केले. २०१३ मध्ये महासंघाच्या परवाना-नियमांत न बसल्याने एअर इंडिया वरच्या लीगमधून बाहेर पडली. मुंबई एफसी हा खासगी मालकीचा संघ २०१६-१७ मध्ये तळाला राहून खाली गेला आणि पुन्हा वर आला नाही. २००८-०९ मध्ये मुंबईचे तीन संघ देशाच्या अव्वल लीगमध्ये होते. दहा वर्षांनी त्यांतला एकही उरला नव्हता. या तिन्ही संघांतून खेळलेले खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. माणूस टिकला, त्याचे तिन्ही संघ गेले.

मग आला 'मुंबई सिटी'. त्याने २०२०-२१ मध्ये लीग आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले. पण करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यात खेळवला गेला, रिकाम्या स्टँडसमोर. शहराच्या नावाचा संघ देशात पहिला आला आणि शहरातला एकही माणूस ते पाहायला मैदानात नव्हता. त्याला इलाज नव्हता हे खरे. पण आपले आणि त्या संघाचे नाते इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे चित्र मला सुचत नाही.

ताळेबंदाच्या भाषेत सांगायचे तर कंपनीच्या वहीत संघ कायम खर्चाच्या बाजूला असतो. त्याने जिंकलेला चषक जमेला कुठे लिहायचा, हे कुठल्याच हिशेबनीसाला ठाऊक नसते. त्यामुळे नवे व्यवस्थापन आले की पहिली लाल रेघ तिथे ओढली जाते. त्यात कुणी दुष्ट नसतो. ते वहीच्या मांडणीतच असते.

कोरियातले गावकरी

कंपन्यांच्या हाती खेळ गेला की हे अटळच असते का? दक्षिण कोरियाकडे पाहावे. तिथली लीग १९८३ मध्ये सुरू झाली तेव्हा पाच संघ होते आणि त्यांत पोहांगची पोलाद कंपनी, देवू आणि चक्क कुकमिन बँक होती. पुढच्या वर्षी हानिल बँकही आली. म्हणजे हार्वुड लीगचीच सख्खी बहीण! बँका लवकरच बाहेर पडल्या. पण १९९६ पासून संघांच्या नावात शहराचे नाव रुजवले गेले. २०१३ पासून तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत पाठवणे सुरू झाले आणि त्यात थोरामोठ्यांची गय नाही. सॅमसंगने उभा केलेला, चार वेळचा विजेता सुवॉनचा संघ २०२३ मध्ये शेवटचा आला आणि खाली गेला. आपल्या सुपर लीगमध्ये पहिल्या दहा मोसमांत तळाला राहून कुणी खाली गेले नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. २००४ मध्ये एलजी कंपनीने आन्यांग शहरातला आपला संघ उचलला आणि राजधानी सोलला नेला. २००६ मध्ये एसके समूहाने बुचॉनचा संघ थेट जेजू बेटावर हलवला. तिथले प्रेक्षक हात चोळत बसले नाहीत. बुचॉनवाल्यांनी २००७ मध्ये आपला संघ काढला आणि अगदी खालून सुरुवात केली. आन्यांगने २०१३ मध्ये नगरपालिकेच्या पाठबळावर संघ उभारला. आन्यांग २०२५च्या मोसमात अव्वल श्रेणीत पोचला, सोलच्या समोर उभा राहिला. बुचॉनने २०२५च्या अखेरीस ती पायरी गाठली. कंपनी गेली, पण गाव उरले होते.

तिथे सगळे गोड आहे असे नाही. नगरपालिकेच्या पैशावर चालणारा संघ नगरपालिकेच्या राजकारणावरही चालतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

गिरणी गेली, मंडळ राहिले

आता कोरियावाल्यांना जमले ते मुंबईकराला जमणार नाही, असे म्हणणाऱ्याने दादरला एक फेरी मारावी. अमर हिंद मंडळ किंवा विजय क्लब यांची कबड्डी कुठल्या कंपनीच्या मर्जीवर उभी राहिली नाही. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या, चाळींचे टॉवर झाले, तरी तिथली मंडळे पावतीपुस्तक घेऊन आजही जिने चढतात. कारण ती त्या गल्लीची आहेत.

यावर कुणी म्हणेल की वर्गणीवर व्यावसायिक संघाचे पगार निघत नाहीत. अगदी बरोबर. भांडवल कंपनीनेच घालावे. पण नाव, रंग आणि मैदान यांच्यावर शहराचा हक्क असावा आणि संचालक मंडळात सभासदांनी निवडलेला माणूस असावा. यासाठी कोरियालाही जायला नको. कोलकात्याचा ईस्ट बंगाल १९२० पासून सभासदांचा क्लब आहे. २०२० मध्ये त्यांचा एक गुंतवणूकदार गेला, २०२२ मध्ये दुसरा गेला, त्याच वर्षी तिसरा आला. रुसवेफुगवे झाले, भांडणे चव्हाट्यावर आली, पण क्लब हलला नाही. गुंतवणूकदाराला संघ सोडता आला, मिटवता आला नाही.

सहकारी बँकेचा छोटासा भाग घेऊन वार्षिक सभेत अध्यक्षांना घाम फोडणारी माणसे या महाराष्ट्राने घडवली आहेत. सहकार कुठे कुठे बुडाला, तेही मी जवळून पाहिले आहे. पण तो बुडताना लोकांना कळले, लोक भांडले. महिंद्र युनायटेड बंद झाला तेव्हा भांडायला कुणाचा काही हक्कच नव्हता.

मुंबई सिटी पुन्हा मूळ भारतीय मालकांकडे आला आहे. संघाला पैसा लागणार आहे आणि माणसेही. अशा वेळी त्यांनी नव्या परदेशी भागीदाराच्या शोधात निघण्याआधी सभासदांची एक नोंदवही उघडावी. वर्षाकाठी परवडेल एवढी वर्गणी, एक मत आणि अंधेरीच्या मैदानाबरोबर वर्षातून दोन-चार सामने कूपरेजवर. गिरगाव-परळची मुले चर्चगेटला उतरून चालत जातील. पहिल्या वर्षी त्या वहीत पाचशे नावे आली, तरी या शहरातल्या कुठल्याही फुटबॉल संघाने आजवर केली नाही अशी ती कमाई असेल. ती जमेच्या बाजूला लिहिता येईल.