थडग्यातली तलवार कोणाची?

स्वीडनमधील मेलारेन सरोवरातल्या एका बेटावर बिर्का हे व्हायकिंगांचे व्यापारी नगर होते. तेथे १८७८ साली यालमार स्टोल्पे या संशोधकाने दहाव्या शतकातले एक थडगे उघडले. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या सोंगट्या असा सरंजाम पाहून हा कोणी मातब्बर योद्धा असल्याचे ठरून गेले. योद्धा म्हणजे अर्थातच पुरुष!

२०१७ साली शार्लोट हेडेनस्टिएर्ना-यॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांच्या डीएनए तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वाय गुणसूत्राचा मागमूस नव्हता. थडगे स्त्रीचे होते.

मग शंकांचे मोहोळ उठले. हाडांची अदलाबदल झाली नसेल? शस्त्रे नवऱ्याची नसतील? हाडांवर जखमा नाहीत, मग ती लढली कशावरून? या शंका गैर नाहीत. माझा आक्षेप एवढाच, की ज्या काळात ही हाडे पुरुषाची मानली जात होती, तेव्हा तो खरोखर लढला का, हे फारसे कोणी विचारले नाही. पुरुषाजवळची तलवार हा पुरावा आणि स्त्रीजवळची मात्र शोभेची वस्तू, हा कुठला न्याय?

उलट बाजूचा उतावळेपणाही घातकच. एका थडग्यावरून व्हायकिंग स्त्रियांच्या पलटणी उभ्या करता येत नाहीत. मृताजवळ काय ठेवायचे, हे मागे राहिलेले ठरवतात. तलवार ही लढाईपुरती नसते. आपल्याकडे राजघराण्यांत वर हजर नसेल तर त्याच्या खांड्याशी लग्न लागे. तिथे खांडा म्हणजे त्या माणसाचा मान होता.

फिनलंडमधील सुओन्ताका येथे १९६८ साली मिळालेल्या थडग्यात स्त्रीवेषाचे अलंकार होते आणि तलवारही. ती व्यक्ती बहुधा एक्सएक्सवाय गुणसूत्रांची असावी, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. आपल्या दोन रकान्यांत न मावणाऱ्या या व्यक्तीला तिच्या समाजाने मानाने निरोप दिला होता.

नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतही लोखंडी शस्त्रे आणि घोड्यांचे अवशेष मिळाले आहेत. तिथला मृत कोण, हे कट्यारीवरून ठरवायचे की हाडांवरून? शंका जरूर घ्याव्यात; पण स्त्री आणि पुरुष दोघांनाही एकच माप लावावे. नाही तर उत्खननातून इतिहासाऐवजी आपल्याच घरातले रिवाज वर येत राहतील.